राउटरचा हिरवा दिवा

उमरावकाका नवेगाव बांधच्या तलावात बुडाले. छातीत पाणी, कपाळाला खोक. पोरीच्या बोलण्याला कंटाळून जीव दिला, असं गावानं ठरवूनही टाकलं.

"व्हिडिओ कॉल सारखा मध्येच तुटायचा. मी चिडून म्हटलं, यापुढं करूच नका," टीना म्हणाली. नागपूरला शिकणारी ही त्यांची एकुलती लेक. "दुसऱ्या दिवशी बाबा पाण्यात. मॅडम, माझ्यामुळं गेले का? एवढंच सांगा."

गोंदियाची खासगी तपासनीस डिंपल वहीत टिपून घेत होती. तिचा मदतनीस स्वप्निल कोपऱ्यातल्या राउटरकडं बघत बसला. हिरवा दिवा कसा बिनघोर लुकलुकत होता, जणू या घरात काही घडलंच नाही!

घरकाम करणारी शामकला चहा घेऊन आली. "काका लय चिंगूस बाप्पा! दिवसाले दोनच जीबी नेट. बाहेर निघाले का राउटरचा चार्जर उपटून बंडीच्या खिशात. शेजारी खाऊन टाकते म्हणत." ती हसली अन् लगेच पदर डोळ्यांना लावला.

"पाण्यातून काढलं तेव्हा खिशात काय होतं?"

"तंबाखूची डबी."

घाटावर भोजराज जाळं सुकवत होता. मासे धरण्याच्या जागेवरून त्याचं काकांशी हाडवैर. "भांडलो न! पण त्या दिवशी उजाडल्यापासून मी इथंच बसून होतो. बुढा आलाच नाही."

शेजारी राहणारा पुतण्या विक्की मात्र म्हणाला, "काका सकाळीच घाटाकडं गेले. म्या डोळ्यानं पाह्यलं. मग माझा नोकरीचा इंटरव्ह्यू होता, व्हिडिओवर. कंपनीले विचारा!"

"नेट कुणाचं?"

"काकाचंच. भिंतीपलीकडून मस्त येते. एकदाबी तुटलं नाही. लागलो न नोकरीले!"

"भोजराज खोटारडा आहे," स्वप्निल परतताना ठासून म्हणाला. डिंपलनं फक्त पोलीस पाटलांना बोलावणं धाडलं.

सगळे ओसरीवर जमले.

"काका घाटावर गेले असते, तर चार्जर खिशात गेला असता," डिंपल म्हणाली. "अन् विक्की, तुझा इंटरव्ह्यू सुरूच झाला नसता."

"विसरले असतील!"

"विसरून गेले असते तर भोजराजला दिसले असते. अन् त्याला खोटंच बोलायचं असतं, तर तो घाटावर होतो असं कशाला सांगता? मग तू कुणाला जाताना पाहिलंस?"

विक्की उठून पायरीकडं सरकला.

"काका घरातच होते. तलाव मागच्या दाराला लागून आहे. त्यांना पाण्यात नेलं गेलं."

"इंटरव्ह्यूच्या आधी सांगाले आलो, जरासं थांबा म्हटलं मी त्याहिले!" विक्की ओरडला. "चार्जर उपटाले निघाले. कायले ऐकतील? ढकललं. उंबरठ्यावर डोकं आपटलं..."

"मग?"

"इंटरव्ह्यू दिला. संपल्यावर मागच्या दारानं पाण्यात टाकलं."

स्वप्निलनं विक्कीकडं पाहिलं. छातीत पाणी होतं. म्हणजे हा पलीकडं बसून प्रश्नांची उत्तरं देत होता, तेव्हा काकांचा श्वास चालू होता.

पोलीस पाटलांनी विक्कीचं मनगट धरलं.

"घरात असूनही बाबा नेट बंद काऊन करत होते?" टीनानं विचारलं.

"विक्की दुपारपर्यंत सगळं नेट संपवायचा, म्हणून तुझा कॉल तुटायचा. त्या दिवशी त्यांना तुला कॉल करायचा होता, अन् तो तुटू द्यायचा नव्हता."

टीना आत गेली. तिनं राउटरचा चार्जर उपटला. हिरवा दिवा विझला. चार्जर तिनं बाबांसारखाच खिशात घातला.