पेवातली ओ

ज्यांना हसायचंय त्यांनी आधीच हसून घ्या. मागच्या जुलैत किल्लारीजवळ, माझ्या मामांच्या शेतात, माझ्यासोबत घडलं तेच सांगतोय.

मला बेडकांचे फोटो काढायचं वेड. अगदी जवळून, डोळ्यातली नक्षी दिसेल असे. लिंबाजीमामांचा फोन आला, जुन्या पेवात फुग्यासारखा फुगणारा बेडूक आहे म्हणून. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. तोंड अरुंद, पोट मोठं. मी लगेच लातूरहून निघालो.

पेवात हवा कोंडते. म्हणून तिकडची रीत अशी, की वरच्याने हाक मारत राहायची आणि खालच्याने ओ द्यायची.

"ओ न्हाई आली की मी माणसं बोलवीन," मामा म्हणाले. "इसरू नको."

दिवस मावळत होता. मी शिडीने उतरलो. बेडूक भिंतीच्या कडेला अर्धा मातीत बसला होता. लई देखणा.

मामांनी हाक मारली. मी ओ दिली.

डोळ्यावर फोकस बसला, तसा मी श्वास रोखला. इतक्या जवळून श्वासानेसुद्धा फोटो हलतो.

"रवीऽऽ..."

मी गप्प. एवढा एक फोटो होऊ दे, मग देतो ओ.

"ओ..."

माझ्या पाठीमागून आली.

आवाज माझाच होता.

दचकून बटण दाबलं गेलं. फ्लॅश पडला. मागे शिडी करकरली...

वळून पाहिलं. कुणीच नाही. शिडी वर चालली होती.

मी ओरडायला गेलो, पण घशातून आवाजच फुटेना.

वर कुणीतरी माझ्या आवाजात म्हणालं, "चला मामा."

जनावर पडू नये म्हणून मामांनी पेवावर फरशी सरकवली...

अंधार. मातीचा ओला वास. श्वास छातीत पुरेना. मी इथेच मरणार, हे मला स्पष्ट कळत होतं.

मामा घरी पोचले, हे मला नंतर कळलं. सरजामामी दारातच म्हणाल्या, "एकलेच आलाव? रवी कुठं हाय?"

मामा तसेच उलट पळाले. "सारी वाट तू मागून बोलत हुतास," ते मला वर काढताना रडत म्हणाले.

माझा आवाज सकाळी परत आला.

तो फोटो मी एकदाच मोठा करून पाहिला. बेडकाच्या डोळ्यात फ्लॅशचं कडं, त्यात मी. माझ्यामागे शिडी... आणि शिडी चढणारी एक पाठ. अंगात माझाच शर्ट.

परवा मी चूळ भरत होतो. लुंबिनीने, माझ्या बायकोने, स्वयंपाकघरातून हाक मारली. माझं तोंड पाण्याने भरलेलं.

आतल्या खोलीतून ओ आली...

तिला काहीच वेगळं वाटलं नाही.

आता मी घरात मधूनमधून ओ देत राहतो. कुणी हाक मारलेली नसताना. लुंबिनी चिडते.

चिडू दे. माझ्याआधी त्याने द्यायला नको.