प्रांजलीची जागल

रात्री दहा वाजता लातूरच्या त्या वसतिगृहातल्या मुली झोपत, आणि मग त्यांच्या गप्पा सुरू होत.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी मुली जाग्याच असत. उशीखाली फोन, डोळ्यांखाली काळं, आणि सकाळी भौतिकशास्त्राच्या तासाला अर्धा वर्ग पेंगलेला. डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा डोक्यावर, आणि फोनमध्ये बघावं तर सगळं जग आपल्यापेक्षा हुशार, सुंदर, सुखी. रेक्टरबाई फोन कपाटात कुलूपबंद करत, मुली दुसरा फोन आणत. शेरास सव्वाशेर.

मग वसतिगृहात मुलींना तपासायला येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. शर्वरी टेकाळे यांनी रोगाचं मूळ शोधलं. झोप उडवतो तो फोनचा उजेड नव्हे, आपल्यावाचून तिथं काहीतरी चाललंय ही धास्ती, असं त्यांचं म्हणणं. त्यावर त्यांनी 'जागल' नावाचं ॲप बनवलं. शेतात पीक उभं असलं की कुणीतरी रात्री जागलीला जातं आणि घरचे निवांत झोपतात. नाव तिथून घेतलेलं. मुलीचे जुने मेसेज वाचून जागल तिची बोलण्याची ढब शिके आणि ती झोपली की फोनवर तिच्या नावानं बोले. सकाळी मुलीला रात्रीचा गोषवारा मिळे. मुली गाढ झोपू लागल्या, गुण वाढले, पालक खूश झाले. मुली दिवसा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या, पण गुण वाढल्यावर त्याची चौकशी कोण करतो?

नागनाथ बिडवे यांनी केली. उदगीरला त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. बायको गेल्यापासून घरात ते आणि या वसतिगृहात शिकणारी लेक प्रांजली, दोघंच. ते थेट डॉक्टरांकडे गेले.

"मॅडम, लेकरू सुट्टीला घरी आलं की तोंड उघडंना. आन् फोनवर बघा किती ग्वाड बोलतंय."

त्यांनी फोन पुढे केला. 'पप्पा, काय करलालाव? जेवलाव का? हाताला तार लागली होती, तिथं हळद लावलाव का?'

डॉक्टरांनी मेसेजची वेळ पाहिली. "प्रांजली तेव्हा झोपलेली असते. हे जागलीनं लिहिलंय."

"मला बी?"

"फोनमध्ये आहेत त्या सगळ्यांना."

नागनाथ हाताची जखम बघत बसले. मग म्हणाले, "मला वाटलं, पोरगी शहाणी झाली."

"कोणत्या वाक्याला समोरच्याचं उत्तर चटकन येतं, ते जागल बघते आणि पुन्हा तसंच बोलते," डॉक्टर म्हणाल्या. "तिला कंटाळा नाही, राग नाही, हेवा नाही. त्यामुळे ती रोज थोडी जास्त आवडती होत जाते."

"आन् माझी पोर?"

"ती सकाळी गोषवारा वाचते." डॉक्टरांनी नजर खाली घेतली. आपण लोकांना फार आवडतो, पण झोपलेले असतानाच, हे त्या पोरीला रोज सकाळी नव्यानं कळत होतं.

"बंद करा," नागनाथ म्हणाले.

"परीक्षा जवळ आलीय. तिची झोप जाईल. आणि आता लोक तिची तिच्याच जागलीशी तुलना करतील."

"करू द्या. मला माझी पोर पाहिजे."

वसतिगृहाच्या पायरीवर त्यांनी प्रांजलीला सांगितलं तेव्हा तिला खरंच वाटेना. "पप्पा, मला तिच्यासारखं बोलायला येत न्हाई."

"मला तूच पाहिजे, बाळा."

प्रांजली हसली. तिला इतकं मोकळं हसताना त्यांनी कैक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

जागल बंद झाली. मैत्रिणींनी 'हिचं काय बिनसलंय?' असं आठवडाभर एकमेकींना विचारलं आणि सोडून दिलं. प्रांजलीचे डोळे पुन्हा काळवंडले, चाचणीतले गुण घसरले. पप्पा आहेत, एवढ्या आधारावर ती तगून होती. शेवटी धीर करून तिनं त्यांना लांबलचक मेसेज लिहिला. आपण कुणालाच आवडत नाही. आरशात बघावंसं वाटत नाही. डॉक्टर व्हायचं नाही, तुमच्या दुकानात बसायचंय. आईची आठवण येते, पण तुमच्यापुढं तिचं नाव काढायची भीती वाटते.

नागनाथांनी तो दोनदा वाचला. काय लिहावं ते सुचेना, म्हणून लिहिलं, 'अभ्यास कर. झोप आता.' आणि मग जुने, हळदीचे मेसेज काढून वाचत बसले.

आठवड्यानं ते पुन्हा डॉक्टरांसमोर होते. "परीक्षेपुरती चालू करा. लेकराला झोप न्हाई."

"तिची संमती लागते," असं म्हणून डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच प्रांजलीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"पप्पांनी मागितली का?" प्रांजलीनं विचारलं.

"हो."

"करा. पण मॅडम, मी घरी गेल्यावर दिवसाबी चालेल का ती?"

डॉक्टरांनी नागनाथांकडे पाहिलं. नागनाथ खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या रात्री दहा वाजून गेल्यावर दुकानाचं शटर ओढताना फोन वाजला. 'पप्पा, जेवलाव का? त्या दिवशी मी कायबी लिहिलं. तसलं काही न्हाई. मनावर घेऊ नका.'

नागनाथांचे डोळे भरून आले. पोरगी ताळ्यावर आली, असं त्यांना मनापासून वाटलं, आणि त्यांनी लगेच उत्तर लिहायला घेतलं.