शँटरेलची जागा

त्याने लालभडक अळंबीचा तुकडा तोडला आणि चक्क तोंडात टाकला!

"अहो! थुंका!" मॅरिएटा किंचाळली, आणि आपण काय करतोय ते कळायच्या आत तिने त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. तुकडा उडून नेच्यांत पडला. मागची मंडळी पोट धरधरून हसायला लागली.

"थुंकणारच होतो," तो खोकत म्हणाला. "या जातीची ओळख अशीच पटते. चावायचं, तिखट लागतंय का बघायचं, थुंकायचं. फक्त याच जातीची हं, बाकी कशाला तोंड लावायचं नाही. मी कॉर्विन, आजचा वाटाड्या. आणि तुम्ही... पैलवान का?"

मॅरिएटाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अळंबी शोधणाऱ्या मंडळाबरोबर ऑरेगनच्या ओल्या रानातली तिची ही पहिलीच फेरी. पण पुढच्या प्रत्येक शनिवारी ती सगळ्यांच्या आधी हजर! अळंब्यांसाठी म्हणे... कॉर्विन भिंग तिच्या डोळ्याशी धरायचा, तेव्हा तिला अळंबी सोडून सगळं दिसायचं — त्याच्या पापण्यांवरचे थेंबसुद्धा.

आणि आज हंगामातली शेवटची फेरी. तिची बदली शिक्षिकेची नोकरी संपली होती. डेन्व्हरच्या शाळेने बोलावलं होतं, आणि हो की नाही ते आजच कळवायचं होतं. त्याने एकदा "थांब" म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. पण तो मेला सगळ्यांशीच गोड!

"त्याच्या नादी लागू नकोस गं," मंडळातली सगळ्यात जुनी डॅगमार तिच्या कानाशी लागली. "आधीच्या मैत्रिणीला तीन वर्षांत स्वतःची शँटरेलची जागा दाखवली नाही त्याने. कंटाळून गेली बिचारी."

"तुम्ही दाखवली असती?"

"मी? नवऱ्यालासुद्धा नाही दाखवली!"

इथे सगळ्यांचं असंच. त्या पिवळ्याधमक शँटरेल अळंब्या आपल्याला कुठे मिळतात, ते कुणी सख्ख्या भावालाही सांगत नाही. विचारलंच तर थाप मारायची.

जेवायला मंडळी रस्त्याकडे वळली, तशी कॉर्विनने तिची बाही ओढली. "चल जरा." आडव्या पडलेल्या ओंडक्यापलीकडे, उतारावर... सगळी जमीन पिवळी! जर्दाळूसारखा मंद वास येत होता.

"ही... ही तुझी जागा?"

"आईलाही माहीत नाही."

"वेडा आहेस का रे तू? मी डेन्व्हरला जायचं म्हणतेय!" ती त्याच्याकडे वळली. "मला कशाला दाखवलीस?"

"काय करू? तुझ्याशी बोलायला तोंड उघडलं की अळंब्यांचीच नावं येतात." त्याचे कान लालबुंद झाले होते. "जाऊ नकोस, मॅरिएटा. माझं प्रेम आहे तुझ्यावर. आणि गेलीस तरी... जागा तुझीच."

इतकं सरळ कुणी बोलतं का?

तेवढ्यात रस्त्यावरून डॅगमारची हाक आली, "काय गं, सापडलं का काही तिकडे?"

कॉर्विनचा चेहरा पांढराफटक पडला. मॅरिएटाने त्याचा हात घट्ट धरला आणि ओरडून सांगितलं, "छे हो! नुसता चिखल!"

तो आ वासून तिच्याकडे बघायला लागला. "इतकं सफाईदार खोटं?"

"जमायला नको?" ती हळूच म्हणाली. "आता इथेच राहायचंय मला."