आजींचा घोट

दुधाची अ‍ॅलर्जी आहे म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना ती नसतेच. दूध पचत नाही, पोट फुगतं, गुडगुडतं. एवढ्या भांडवलावर ते घरातल्यांच्या स्वयंपाकाला नावं ठेवत फिरतात. खरी अ‍ॅलर्जी वेगळी. ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, कधी श्वासात शिटी वाजते. आणि ती बहुधा तान्ह्या मुलांना असते, ज्यांना काही सांगता येत नाही. जी सांगतात ती बरोबर आलेली माणसं, आणि प्रत्येकाचा हिशोब आपापल्या सोयीचा. म्हणून मी ऐकते सगळ्यांचं, विश्वास ठेवते कातडीवर. माझं निदान सहसा चुकत नाही. या बाळाचंही चुकलं नव्हतं.

बाळ जेमतेम पालथं पडायला लागलेलं, फक्त आईच्या दुधावर. बरोबर आई, गप्प. आणि आजी, अजिबात गप्प नाही. वडील गाडी लावायला गेले ते तपासणी संपेपर्यंत लावतच होते.

"डॉक्टरबाई, हिचं दूध, लोणी, चीज सगळं बंद केलंय," आजी म्हणाल्या. "तरी रोज दुपारी पोराचं अंग गांधींनी भरतं. मग चोरून कोण खातंय, तुम्हीच सांगा."

"मी नाही खात, आई," सून म्हणाली.

"मग काय मी खाते आणि त्याला उठतं?" आजींनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "सोमवारी मी त्याला माझ्या घरी नेणार आहे. माझ्या हाताखाली बिनदुधाच्या पावडरीच्या बाटलीवर वाढेल. मुलाला विचारलंय मी."

आईने बाळाचं पाऊल मुठीत धरलं होतं. ते तिने सोडलं नाही.

बाळाच्या पाठीवर दुधाचा थेंब ठेवून सुईने हलकं टोचलं. थोड्या वेळात तिथे टपोरी गांधी उठली. पण नुसत्या तेवढ्यावर निदान होत नाही. काय खाल्लं, कधी उठलं, बंद केल्यावर काय झालं, याचा मेळ बसावा लागतो. मी आईला पाव, बिस्किटं, तयार सूप, सगळं खोदून विचारलं. पाव ती घरी भाजत होती. पाकिटांवरची बारीक अक्षरं तिला पाठ होती. इतकी चोख उत्तरं देणारी माणसं मला एरवी संशयास्पद वाटतात. खरं सांगायचं तर तीही वाटली.

मी आई आणि बाळाला दिवसभर आमच्या निरीक्षणाच्या खोलीत ठेवून घेतलं. जेवण आमच्या स्वयंपाकघरातलं, तिची पिशवी सिस्टरांच्या कपाटात. सकाळभर बाळाचं अंग धुतलेल्या बशीसारखं स्वच्छ होतं.

दुपारी आजी आल्या. "आधी घसा ओला करते, मग नातू," असं म्हणून बाहेरच बसल्या. कॉफीचं मशीन घरघरलं.

आत बाळ हुंकारायचं थांबलं. त्याने ओठांवरून जीभ फिरवली. एक घोट गिळला. मग दुसरा.

हनुवटीखाली पहिली गांधी उठली. पाठोपाठ मान, कान.

औषध देऊन त्याला शांत केलं आणि मी दार उघडलं. आजी कागदी कपातला दुधाचा फेस चमच्याने खरवडून खात होत्या.

योगायोग म्हणून मी सोडून देऊ शकले असते. पण सोमवार जवळ येत होता, आणि शंका तपासायची रीत माझ्याकडे होती. अशा वेळी आम्ही दोन सारखे पेले करतो, एकात गाईचं दूध, दुसऱ्यात ओट्सचं, वर दोन्हींत कडक कॉफी, म्हणजे चव कळत नाही. कुठला कधी द्यायचा ते फक्त सिस्टरांना ठाऊक. फरक एवढाच, की मी पेले बाळाला दिले नाहीत. आजींना दिले, इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, बंद दाराआड.

"माझी तपासणी कशाला?" आजी कुरकुरल्या.

"फुकट कॉफी मिळतेय, आजी. प्या."

सकाळच्या पेल्याला बाळाने नुसते घोट गिळले. दुपारच्या पेल्याला गांधी उठल्या. सिस्टरांनी सांगितलं, दुपारचं दूध गाईचं होतं. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा केला. निकालही उलटा आला. आजींच्या स्वतःच्या हातावर सुई टोचून पाहिली, काही नाही.

मी सगळ्यांना, अखेर गाडी लावून आलेल्या वडिलांनाही, समोर बसवलं. "सूनबाईंनी काही चोरून खाल्लेलं नाही. दूध आजींनी सोडायचं आहे."

भांडण होईल अशी माझी अपेक्षा होती. आजींनी बाळाच्या हनुवटीखाली बोट फिरवलं. "लिहून द्या," त्या म्हणाल्या. "नाहीतर उद्या हा माझा मुलगाच म्हणेल, हिनेच तुम्हाला पढवलं."

मी कागद ओढून लिहून दिलं, कारण तेवढं सोडून. आई मात्र पहिल्यांदाच सासूकडे सरळ नजरेने पाहत होती. नीट, वरपासून खालपर्यंत.

सोमवारी बाळ आईकडेच राहिलं. गांधी थांबल्या.

पहिल्या वाढदिवसानंतर मी त्यांना पुन्हा बोलावलं. बऱ्याच मुलांची ही अ‍ॅलर्जी वयाबरोबर जाते, म्हणून पुन्हा तपासायचं असतं. बाळ गुटगुटीत झालं होतं, मनगटाला वळ्या. आजींना मी पहिल्या नजरेत ओळखलं नाही. कपडे खुंटीला टांगावेत तसे अंगावर लोंबत होते.

"आजी, जेवता ना?"

"दिवसभर जेवते हो. सून पानावरून उठूच देत नाही."

तपासणीसाठी त्या पेलाभर दूध प्यायल्या. बाळाचं अंग स्वच्छ. मग त्याच्याच ओठाला दूध लावलं. ओठही ठीक राहिले, पण त्याने ते थुंकून टाकलं.

"बरा झालाय," मी म्हणाले. "खातो काय काय?"

"तोंडाला काही लावत नाही," आई म्हणाली. तक्रार नव्हती आवाजात. "माझं दूधही सोडलं कधीच."

काट्यावर त्याचं वजन वयाच्या मानाने जास्तच भरलं. आया वाढवून सांगतात, मला ठाऊक आहे.

जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर पडले. बाकावर आई डबा उघडून बसली होती. आजींनी मान फिरवली, हाताने नको म्हटलं. आईने त्यांची हनुवटी दोन बोटांनी अलगद वळवली आणि चमचा आत सारला.

आजींनी गिळलं.

बाबागाडीत बाळाचं तोंड मिटलेलं होतं. गळा हलला.

"अजून एक घास, आई," ती लाडाने म्हणाली. "त्याचं पोट नाही भरलं."