चार सुरांमधला तिसरा

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा माझ्या वाटेत उभा होता. अगदी शब्दशः. हॉलच्या दारात, हातात टूलबॉक्स घेऊन, पायाखालच्या पायपुसण्याकडे बघत.

"एक्सक्यूज मी," मी म्हटलं.

तो हलला नाही. मग सावकाश वळला आणि हिंदीत म्हणाला, "इन्स्ट्रुमेंट कौन-सा खराब है?"

"मला काय विचारता? मीच इथं पहिल्यांदा आलेय!" मी वैतागून चक्क मराठीत बोलले.

"अरे..." त्याच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग हसू. दोन्ही आपापल्या वेळेनं. "गाव कुठलं?"

"म्हसळा. आता आत जाऊ द्याल?"

"मी हर्णैचा. नदीम मुकादम." मग तो बाजूला झाला.

हे २००७च्या जानेवारीतलं. मी, बिलकिस परकार, सौदीतल्या खोबरच्या एका खाजगी हॉस्पिटलात रेस्पिरेटरी थेरपिस्ट होते. लोकांना नळीत फुंकायला लावून त्यांची फुप्फुसं मोजायची, हे माझं काम. आमचे डॉक्टर रीमास लिथुआनियाचे. त्यांची बायको दानुते मायदेशी संगीत शिकवायची. इथं परदेशी लोकांच्या कंपाउंडमधल्या व्हिलात बसून तिला कंटाळा आला होता आणि तिच्या कंटाळ्याचे बळी आम्ही ठरलो. "तू श्वासाची तज्ज्ञ आहेस ना? मग गुरुवारी कंपाउंडच्या हॉलवर ये," असं बॉसच्या बायकोनं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

नदीमची गोष्ट तर आणखी धन्य होती. तो अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. म्हणजे दाब मोजणारी यंत्रं, तापमान मोजणारी यंत्रं. डॉक्टरांच्या एका पेशंटनं दानुतेला सांगितलं, "आमच्याकडे एक मुलगा आहे, इन्स्ट्रुमेंटमधला उस्ताद!" तिनं तातडीनं बोलावणं धाडलं. आणि हा मुलगा सुट्टीच्या दिवशी पाऊण तास गाडी हाकत, टूलबॉक्स घेऊन, कॅलिब्रेशन करायला हजर!

दानुतेनं त्याच्या हातात एक लाकडी नळी ठेवली. वीतभर लांब, तळाशी बंद, वरून तिरकी कापलेली.

"हिचं... प्रेशर काय?" त्यानं विचारलं.

"फुंक," दानुते म्हणाली.

गैरसमज झालाय, मी निघतो, असं कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता. नदीमनं फुंकलं.

त्या नळ्यांना स्कुदुचाय म्हणतात. एका नळीतून एकच सूर निघतो, त्यामुळे एकट्यादुकट्याचं काम नाही. चार-पाच जणांनी आपापल्या नळीत बरोबर आपल्या वेळेला फुंकायचं, तेव्हा कुठं चाल बनते. दानुतेच्या देशात शेतावरची माणसं ती वाजवायची. ती स्वतः बिरबीने वाजवायची, टोकाला गाईचं शिंग बसवलेली पिपाणीच म्हणा ना. पण तिला शेतावरची गाणी नकोच होती. तिला वाजवायचं होतं चारशे वर्षांपूर्वीचं इटलीतलं दरबारी संगीत!

"ते इटलीत राजासमोर वाजवत होते तेव्हा आमचे लोक रानात हेच वाजवत होते," ती डोळे चमकवत म्हणाली. "दोघांची गाठ पडली असती तर?"

पडली नाही तेच बरं झालं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

रचना ऐकायला सोपी होती. वरून खाली उतरणारे चार सूर, पुन्हा पुन्हा, न थांबता, आणि त्यांच्यावर बिरबीनेची तान. लहानपणी पेटी शिकलेल्या जगदीशनं त्यांना लगेच सा, नि, ध, प करून टाकलं. सा वाजवायची माझी फिलिपिनो रूममेट रोवेना. नि जगदीशचा, तो कंपाउंडमध्येच राहणारा, बँकेत नोकरी करणारा. ध नदीमचा. प माझा.

आता बघा. सा वेळेवर यायचा. नि वेळेवर यायचा. मग... शांतता. सगळे नदीमकडे बघताहेत. मी श्वास भरून, गाल फुगवून बसलेय. आणि मग सावकाश, पाहुण्यांनी "येऊ का?" विचारावं तसा, ध यायचा.

"मिस्टर मुकादम!" दानुते ओरडायची.

"सॉरी, मॅडम."

आणि पुन्हा तेच. एकदा नाही, दोनदा नाही, सलग पाच गुरुवार! दुपारच्या अस्रपासून सूर्यास्ताच्या मगरिबपर्यंत आमचा सराव चालायचा; अजान झाली की नळ्या खाली. घरी जाताना डोकं गरगरायचं. निम्मं फुंकून, निम्मं संतापानं. जेद्द्याला शराफियात राहणाऱ्या माझ्या आत्याला, जुबेदाफुफूला, मी सांगून ठेवलं होतं की गुरुवारी श्वासाच्या व्यायामाला जाते. ते खोटं नव्हतं, पण श्वास जास्त करून सुस्कारे टाकण्यातच जायचा.

बरं, माणूस अडाणी असता तर सोडून दिलं असतं. पण एसीच्या कोरड्या हवेनं नळ्या सुकल्या, बेसूर झाल्या, तेव्हा ह्यानंच त्या दुरुस्त केल्या. प्रत्येक नळीच्या तळाशी मेणाचे थेंब सोडत, कंपनं मोजायचं यंत्र समोर ठेवून, तासभर मान खाली घालून बसला. केसांची बट कपाळावर आलेली, जीभ किंचित बाहेर, लहान मुलासारखी. माझी नळी त्यानं सगळ्यात शेवटी घेतली आणि सगळ्यात जास्त वेळ घेतला.

"झाली की नाही?" मी हात पुढे केला.

"थोडी खाली आहे अजून."

"मला तर काही फरक कळत नाही."

"मला कळतो," तो म्हणाला, आणि नळी माझ्या हातात देताना उगाचच रुमालानं पुसली.

सहाव्या गुरुवारी पाऊस झाला. खोबरला पाऊस म्हणजे रस्त्यावर गुडघाभर पाणी. दानुते आणि रोवेना खिडकीतून बघत बसल्या. मी संधी साधली.

"तुम्हाला मोजता येत नाही का हो?"

"येतं की. एक, दोन, तीन."

"मग तिनाला फुंका ना! इतकं काय अवघड आहे त्यात?"

"फुंकलं असतं. पण..." त्यानं नळी हातात फिरवली. "तुमचा सूर चौथा. म्हणजे तुम्ही तिनाला श्वास घेता."

"बरं, मग?"

"डोळे मिटता, मान जराशी वर करता... आणि श्वास घेता. मी बघत राहतो. तेवढ्यात तीन निघून जातात."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी म्हटलं, "मग बघू नका!"

"प्रयत्न केला," तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. "सर."

"सर?"

"म्हणजे... मॅडम. प्लांटवरची सवय."

मागून खोकल्याचा आवाज आला. जगदीश. "मी अमरावतीचा आहे हं," तो छताकडे बघत म्हणाला. "मला मराठी कळतं. आधीच सांगून ठेवतो."

त्यानंतर काय व्हायला हवं होतं? माणसानं पुढचं वाक्य बोलायला हवं होतं. हा गप्प! गुरुवार येई, नदीम येई, हर्णैच्या बंदराबद्दल बोले, त्याच्या आईच्या हातच्या सांदणांबद्दल बोले, माझ्यासाठी अबकैकच्या बेकरीतले खजुराचे मामूल आणे. मी "कशाला आणलंत?" म्हणे आणि तीन खाई. पण पुढचं वाक्य? छे!

आणि इकडे फुफूचे रोज फोन. शराफियातल्या एका कापड दुकानदाराचं स्थळ तिनं आणलं होतं. मुलगा बरा, माणसं बरी. त्यांची एकच अट, लग्नानंतर मी नोकरी सोडायची. "पुढच्या शुक्रवारपर्यंत हो की नाही कळव," फुफू म्हणाली. पुढचा शुक्रवार म्हणजे आमच्या कार्यक्रमाचा दुसरा दिवस.

शेवटच्या सरावाला जगदीश सहज बोलून गेला, "मुकादमांचे आता थोडेच दिवस. चालले की ते तांबड्या समुद्राकडे. तिकडे जेद्द्याच्या बाजूला किनाऱ्यावर नवी इकॉनॉमिक सिटी उभी राहतेय ना, तिथं बदली."

मी नदीमकडे पाहिलं. तो नळीत बघत होता. जणू तिच्या तळाशी काहीतरी लिहिलेलं होतं.

सगळे चहाला उठले तेव्हा मी त्याला गाठलं. "बाराशे-तेराशे किलोमीटरवर निघालात, आणि मला हे जगदीशभाऊंकडून कळतं?"

"तुमचं स्थळ ठरतंय ते मला रोवेनाकडून कळलं," तो हळू आवाजात म्हणाला.

"ठरत नाहीये! आलंय फक्त!"

"चांगलं आहे म्हणे."

"चांगलं आहेच! मग?"

"मग... मी काय बोलणार? बिलकिस, मी..."

अजान सुरू झाली. तो थांबला. अजान संपली, तो नमाजला गेला, आणि परत आला तेव्हा हॉस्पिटलची व्हॅन दारात हॉर्न वाजवत होती. मी रात्रभर उशीला ठोसे मारले म्हणा ना.

कार्यक्रम गुरुवारी दुपारी होता. हॉलमध्ये पन्नासेक माणसं. डॉक्टर, नर्सेस, कंपाउंडमधली कुटुंबं. दानुतेनं केसांत तिच्या गावाकडची विणलेली पट्टी बांधली होती, आणि इतके दिवस आमच्यावर खेकसणारी ती आज बिरबीने पुन्हा पुन्हा पुसत होती. "वीस वर्षं मुलांना शिकवलं," ती माझ्या कानाशी म्हणाली. "इथं आल्यापासून मी नुसती डॉक्टरची बायको आहे. आज बिघडवू नका, हं?"

सा. नि. ध. प.

मी दचकलेच. ध वेळेवर आला होता. पुन्हा सा, नि, ध, प. परत वेळेवर! बिरबीनेचा सूर वर उठला, जाडसर, थोडा नाकातला, पण असा ओला की पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या इंग्रजानं चष्मा काढला. खाली आमचे चार सूर पायरी-पायरीनं उतरत होते. पहिल्यांदाच ते संगीत वाटत होतं. इतके गुरुवार ज्यासाठी मी तळमळले, ते घडत होतं.

मी कडेनं पाहिलं. नदीमची नजर समोरच्या भिंतीवर होती. एकदाही माझ्याकडे वळली नाही. त्यानं बघणं सोडून दिलं होतं.

माझा श्वास अडकला आणि प चुकला.

दानुतेनं शिंगावरून डोळे वटारले. तेव्हा कुठं नदीम वळला. मान जराशी वर करून त्यानं श्वास घेऊन दाखवला, मला समजवावं तसा, आणि भुवईनं खूण केली... आता. मी फुंकलं. शेवटपर्यंत मग त्यानं नजर काढली नाही आणि एकही सूर चुकवला नाही. म्हणजे माणसाला दोन्ही एकत्र जमत होतं! मग इतके दिवस?

टाळ्या थांबेनात. दानुते रडत होती, डॉक्टर तिला रुमाल देत होते. मी नदीमला म्हटलं, "बाहेर या."

व्हरांड्यात बोगनवेलीपाशी तो उभा राहिला. दार मी उघडं ठेवलं. दारात जगदीश बशीतला समोसा खात होता. असू दे. साक्षीदार असलेला बरा.

"तुम्हाला माझ्याशी लग्न करायचंय का? हो की नाही, एका शब्दात सांगा."

नदीमनं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"एका शब्दात!"

"हो."

"मग हे आधी सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही ओरडत होतात," तो म्हणाला.

जगदीशला ठसका लागला. मी पर्समधून मोबाइल काढला, फुफूचा नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात कोंबला. "बोला. माझ्या घरात मोठी तीच आहे."

फुफूचा आवाज फोनमधून बाहेर ऐकू येतो, नेहमीच. "कोणाचा पोर तू? हर्णैचा? मुकादम म्हणजे मशिदीजवळचे की बंदरावरचे?"

"बंदरावरचे, फुफू... सलाम आलेकुम."

"सलाम आधी करायचा असतो. वालेकुम सलाम. आणि ते दुकानवाले? त्यांना काय सांगू मी?"

"सांगा... की मुलगी नाही म्हणाली."

"मुलगी म्हणाली का?"

"म्हणाली!" मी इतक्या जोरात ओरडले की आतल्या गप्पा थांबल्या.

फुफूनं विचारलं, "तू म्हणे आमच्या बाजूला येतोयस, समुद्रावर. रोवेनानं सांगितलं मला. म्हणजे ही पण नोकरी सोडून येणार?"

ही रोवेना! हे मी धड विचारलंच नव्हतं. चार वर्षं राबून मिळवलेली माझी जागा, माझा इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, माझे पेशंट...

आणि नदीम बोलला. न अडखळता, एका दमात.

"नाही, फुफू. बदलीच्या कागदावर मी सही केलेली नाही, शनिवारी नाही म्हणून कळवतोय. तिचं काम इथं आहे आणि ती ते फार चांगलं करते, तेव्हा मी अबकैकलाच राहीन, आणि लग्नानंतर तिच्या हॉस्पिटलजवळ घर घेऊन मीच ये-जा करीन."

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

"आईचा नंबर दे," फुफू म्हणाली. आवाज मऊ झाला होता. "आणि तिला सांभाळ. तोंडानं फटकळ आहे, मनानं नाही."

"माहीत आहे," नदीम म्हणाला.

व्हॅन आली. मी अबाया चढवला, रोवेनाला पुढे ढकललं आणि आत बसले. ड्रायव्हरनं दार ओढलं, आणि ते बंद होता होता नदीम वाकून म्हणाला,

"पोचलीस की मिस्ड कॉल दे."

पोचलीस. दे. अख्ख्या तीन महिन्यांत एकदा 'तू' म्हणून हाक नाही मारली, आणि मारायची तर दार बंद होताना! उत्तर तरी कसं देणार? वीस मिनिटं मी धुमसत बसले. रोवेना माझ्याकडे बघून हसत होती. मीच हसत होते म्हणून, असं ती नंतर म्हणाली.

खोलीवर पोचल्या पोचल्या मी नंबर लावला. एक रिंग वाजली आणि त्यानं फोन उचलला.

"अहो, मिस्ड कॉल होता तो! उचलायचा नसतो!"

"माहीत आहे," तो म्हणाला. "बोल."