बिनमगरीचा गट

चुकीचं दार उघडलं आणि चित्रकलेचे सर उंबऱ्यातच थिजले. रिकाम्या वर्गात भाषेच्या बाई हातात मोज्याची हिरवी मगर घालून तिला दटावत होत्या, "पोरं वाचत असताना जांभई द्यायची नाही... कळलं?"

"कळलं," सर म्हणाले.

बाई अशा लाजल्या, की खिडकीचे पांढरे पडदे गुलाबी झाले. मी सांगतोय म्हणजे झालेच!

"हे माझं कृतिसंशोधन आहे," त्या घाईने म्हणाल्या. "मुलं माझ्यासमोर वाचायला घाबरतात. म्हणून अर्धा वर्ग मगरीला वाचून दाखवणार, अर्धा नेहमीसारखा मला. शेवटी दोन्ही गटांची चाचणी. फरक दिसला तर उपाय खरा."

"आणि मगर चावली तर?"

"चित्रकलेवाल्यांनाच चावते ती."

झालं! सर तिथेच गारद.

सत्र संपलं. सभागृहात बाईंनी निकालाचा तक्ता लावला... दोन्ही गट सारखेच सुधारले होते.

संशोधन तपासायला आलेल्या मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे मगरीचा उपयोग शून्य. बंद करा हा प्रकार."

बाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात मागे खुर्ची करकरली.

"उपयोग आहे, मॅडम," सर उभे राहिले. "घोळ मी घातलाय. बिनमगरीची पोरं मधल्या सुट्टीत माझ्या दाराशी 'आम्हाला मगर नाही' म्हणत रडत यायची. मग मीच..."

"तुम्हीच काय?" मॅडमनी विचारलं.

"मगर झालो. टेबलाखाली बसून... जबडा उघडून. त्यांनी मला वाचून दाखवलं."

सभागृह असं हसलं, की छताचे पंखे उलटे फिरले. बाई मात्र हसल्या नाहीत.

"अहो सर, त्या गटाला मगर द्यायचीच नव्हती! त्यासाठीच तर तो गट होता!"

"माहीत होतं हो. पण तुमची पोरं रडायला लागली, की... तुम्हीच रडताय असं वाटायचं."

पंखे थांबले.

"नव्या वर्गावर पुन्हा करा," मॅडम ओठ दाबत म्हणाल्या. "आणि या मगरीला आधी बांधून ठेवा."

जिन्यावर बाईंनी सरांना गाठलं. "पुढचं सत्रभर माझ्या वर्गाकडे फिरकायचं नाही!"

"नाही फिरकणार." सरांचा चेहरा पुसलेल्या फळ्यासारखा झाला. "शाळा सुटल्यावरसुद्धा... नाही?"

बाईंनी तक्त्याची गुंडाळी त्यांच्या हातात कोंबली.

"संशोधन मुलांवर आहे, सर. माझ्यावर नाही," त्या म्हणाल्या, आणि मुद्दाम हळूहळू पायऱ्या उतरू लागल्या.