स्वभावरक्षकाचे आठ दिवस

भरतीमापन प्रयोगशाळेतला लॅपटॉप सतरा वर्षांचा होता आणि चालूच व्हायला सहा मिनिटं घेत असे. तेवढ्या वेळात डॉ. वृंदा खानोलकर खिडक्या उघडत, टेबल पुसत आणि त्याला दोन शब्द सुनावत. पण त्याला काढून टाकायची सोय नव्हती. रत्नागिरीजवळच्या बंदराच्या धक्क्याखाली बसवलेल्या जुन्या भरतीमापकाची भाषा आता जगात फक्त या एका यंत्राला कळत होती. धक्क्यावरची समुद्रपातळीची नोंद गेली त्रेसष्ट वर्षं एकही दिवस न चुकता चालू होती, आणि त्यातली शेवटची बावीस वर्षं वृंदाताईंची होती.

रोजचा आकडा ज्या सागरसूचना जाळ्याला जाई, त्याचा आता नवा नियम आला होता. ज्या संगणकावर विषाणूरोधक, म्हणजे अँटिव्हायरस, नाही, त्याची नोंद महिनाअखेरीपासून घेतली जाणार नव्हती. नवा भरतीमापक बसवायचा तर दीड वर्ष लागलं असतं, म्हणजे त्रेसष्ट वर्षांच्या साखळीत दीड वर्षाचं भगदाड.

वृंदाताईंनी आधी ‘महाकवच’ नावाचं विषाणूरोधक घालून पाहिलं. त्यात जगातल्या झाडून सगळ्या विषाणूंची यादी होती. ती वाचता वाचता लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला. मग ‘मेघरक्षक’ आणलं. ते यादी स्वतःजवळ न ठेवता प्रत्येक गोष्ट दूरच्या केंद्राला विचारून घेई. धक्क्यावर वारा सुटला की फोनसुद्धा लागत नसे, त्यामुळे बिचारं उत्तराची वाट पाहत बसून राही. शेवटी त्यांनी डॉ. नाझनीन मुकादम यांना बोलावलं. नाझनीन संगणकांच्या प्रतिकारशक्तीवर संशोधन करत होती, आणि वृंदाताईंची एके काळची विद्यार्थिनी होती.

“मॅडम, अशक्त माणसाला तुम्ही चिलखत घालताय,” ती म्हणाली. “त्याच्या वजनानंच तो खाली बसेल. याला स्वभावरक्षक द्या.”

“त्याची यादी छोटी असते का?”

“त्याच्याकडे यादीच नसते. जगातले सगळे चोर पाठ करायला मोठं डोकं लागतं. घरातली माणसं कशी वागतात एवढं लक्षात ठेवायला लहानसंही पुरतं. आठ दिवस तो नुसता पाहील. कोणतं काम किती वाजता होतं, कोणत्या क्रमानं होतं, आकड्यांना कोण हात लावतं. नवव्या दिवसापासून त्याहून वेगळं काही झालं की दार बंद. चांगलं-वाईट त्याला कळत नाही, फक्त घरचं आणि परकं कळतं.”

निघताना तिनं एकच गोष्ट बजावून सांगितली. या आठ दिवसांत नेहमीसारखंच वागायचं, काडीचाही बदल करायचा नाही. वृंदाताईंनी हो म्हटलं, मदतनीस जयवंत तांडेल यांनीही मान हलवली.

पण कोणी आपल्याकडे टक लावून पाहणार म्हटलं की आपली माणसं नेहमीसारखी वागतील कशी? पाहुणा यायचा म्हटला की आपण आधी दिवाणावरची चादर बदलतो. वृंदाताईंची खरी रीत अशी होती. दहाची नोंद यंत्र दहालाच घेई, पण वृंदाताई आधी चहा घेत आणि दहा वाजून बारा मिनिटांनी टेबलाशी येऊन त्या आकड्यात स्वतःच्या हातानं चार सेंटिमीटर मिळवत. भरतीमापकाचा तरंगक पाण्यावर तरंगणारा, त्याला कालवांचे शिंपले चिकटून तो जड झाला होता आणि पाणी चार सेंटिमीटर कमी दाखवत होता. दर एक तारखेला त्या धक्क्यावरच्या मोजपट्टीशी ताळा करत, त्यामुळे चारचा आकडा पक्का होता. पण नियमपुस्तकात आकड्याला हात लावायची मनाई होती. स्वभावरक्षक तीन तारखेला बसला, आणि त्याच्यासमोर हे करायची त्यांना लाज वाटली. आठही दिवस त्यांनी ठीक दहाला, ताठ बसून, आला तो आकडा जसाच्या तसा पाठवला. चुकीचे आठ आकडे नंतर पत्र लिहून दुरुस्त करू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

नवव्या दिवशी सागरसूचना जाळ्याचे तपासनीस नवं विषाणूरोधक पाहायला आले. त्यांचं नाव बोधनकर, माणूस नांदेडचा, शांत आणि काटेकोर. दहा वाजता ते मोजपट्टी वाचायला जयवंतसोबत धक्क्यावर गेले. वृंदाताईंना हायसं वाटलं. आठ दिवस संपले, तपासनीसही बाहेर गेले, पाहणारा डोळा एकदाचा मिटला, असं समजून त्यांनी निवांत चहा घेतला. दहा वाजून बारा मिनिटांनी त्या टेबलाशी बसल्या. दोन मीटर एकतीसचे त्यांनी पस्तीस केले आणि पडदा पांढरा झाला. त्यावर एकच ओळ उमटली होती. हे काम या घरचं नाही, दार लावलं आहे.

त्यांनी घाईघाईनं नाझनीनला फोन लावला. वारा नव्हता म्हणून तो लागला. खरं काय ते सांगायला त्यांना अर्धं मिनिट लागलं, आणि नाझनीनला हसू आवरायला तेवढंच.

“मॅडम, आठ दिवस तुम्ही त्याला पाहुण्यांसमोरच्या वृंदाताई दाखवल्यात. आज रोजच्या आल्या. त्याच्या लेखी त्या चोर आहेत. एकतीस होता तसा ठेवा, दार उघडेल.”

साडेदहाच्या आत आकडा गेला नाही, तर साखळी तुटणार होती. गेला तर चुकीचा, तोही तपासनिसासमोर. या आठ दिवसांआधी बावीस वर्षांत त्यांनी खोटा आकडा जाणूनबुजून कधी पाठवला नव्हता. पत्र लिहून दुरुस्त करायचे ते आठ आकडे आता त्यांना टोचू लागले. बोधनकर जयवंतसोबत आत आले तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. हातानं मिळवलेले चार, कालवं, आठ दिवसांचं सोंग, काही म्हणता काही लपवलं नाही. सांगताना त्यांचे कान लाल झाले होते.

बोधनकरांनी वही उघडली. “मोजपट्टीवर मी दोन मीटर एकतीसच वाचले.”

वृंदाताईंनी आधी वहीकडे, मग जयवंतकडे पाहिलं. जयवंत मान खाजवत होता.

“कालवं मीच काढली, मॅडम,” तो म्हणाला. “नवीन मानूस बसनार, आठ दिवस आपल्याला बघनार. म्हटलं, तरंगक तरी नीट दिसूदे. पयल्याच दिवशी सकाळी बुडी मारली नि खरवडून काढली.”

“मला सांगितलं का नाहीत?”

“तुमीच म्हनालात, काडीचा बदल करायचा नाय.”

म्हणजे आठही आकडे बरोबर गेले होते. चूक फक्त आज होत होती, आणि ती करणाऱ्या हाताला दारातच अडवलं होतं. वृंदाताईंनी एकतीस जसाच्या तसा ठेवला. दार उघडलं, आकडा दहा वाजून सव्वीस मिनिटांनी गेला आणि त्रेसष्ट वर्षांची साखळी पुढे सरकली. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

बोधनकर मात्र गंभीरपणे तपासणीचा अर्ज भरत होते. विषाणूरोधक हलका आहे का, आहे. चुकीचा फेरफार रोखतो का, रोखतो. मग त्यांनी अर्ज वृंदाताईंसमोर सरकवून दोन रकाने दाखवले. एक संगणकाच्या अधिकृत वापरकर्त्याचा, दुसरा चाचणीत पकडल्या गेलेल्या घुसखोराचा. नियमानुसार दोघांच्याही सह्या लागत होत्या.

वृंदाताईंनी पहिल्या रकान्यात सही केली, पेन तसंच खाली उतरवलं आणि दुसऱ्यातही केली.